‘सगळं करा डॉक्टर’ म्हणजे नक्की काय काय? लिव्हिंग विल, व्हेंटिलेटर आणि आपली म्हातारी माणसं

आमच्या कोथरूडच्या ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मधून मधून एक फॉरवर्ड फिरतो, ‘इच्छामरण आता कायदेशीर, फक्त नोटरी करा आणि निवांत व्हा’. त्याच्याखाली पाच-सहा हात जोडलेले, दोन ‘उपयुक्त माहिती’, आणि मग एखादे काका हळूच विचारतात की असं लिव्हिंग विल करून ठेवलं आणि उद्या टेकडीवर चक्कर येऊन पडलो तर अ‍ॅम्ब्युलन्सवाले हात लावणार नाहीत का? काकांचा प्रश्न एकदम बरोबर आहे आणि फॉरवर्ड जवळजवळ सगळा चुकीचा आहे, म्हणून हे लिहायला बसले.

मी नर्स आहे. आधी आयसीयूत होते, आता घरी जाऊन अंथरुणाला खिळलेले पेशंट बघते, त्यामुळे आयसीयूच्या दाराच्या आतली बाजू पण माहितीये आणि बाहेर खुर्च्यांवर डबे घेऊन बसलेल्या नातेवाइकांची पण. डॉक्टर नाही, वकील नाही, तेव्हा तुमच्या पेशंटचं काय करायचं ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पण त्यांना विचारायचं काय हेच बहुतेकांना सुचत नाही आणि तेवढं मी सांगू शकते.

काकांचं उत्तर आधी देऊन टाकते

टेकडीवर पडलात तर पूर्ण उपचार होतील. अ‍ॅम्ब्युलन्स येईल, छाती दाबतील, अँजिओप्लास्टी लागली तर ती पण करतील. लिव्हिंग विल म्हणजे आपल्या आजारपणाबद्दल आधी लिहून ठेवलेली इच्छा, आणि ती कामाला येते फक्त दोन गोष्टी एकत्र झाल्या तरच. एक, आजार बरा होण्यापलीकडे गेलाय असं डॉक्टरांचं मत पाहिजे, आणि दोन, तुम्हाला स्वतःला निर्णय सांगता येत नाहीये असं पाहिजे. तुम्ही शुद्धीवर असाल, बोलत असाल, तर कागद बाजूला ठेवायचा आणि तुमचं तोंडी ऐकायचं. समजून उमजून उपचाराला नाही म्हणायचा हक्क तर शुद्धीवरच्या मोठ्या माणसाला आहेच, त्याला कुठलाही कागद लागत नाही.

आणि इंजेक्शन देऊन मरण आणणं, लोकांच्या डोक्यात ‘इच्छामरण’ म्हणलं की जे येतं ते, भारतात आजही बेकायदा आहे. नोटरी केली तरी बेकायदा. कोर्टाने परवानगी दिलीये ती फक्त ज्या उपचाराचा आता उपयोग उरला नाही तो सुरू न करण्याची किंवा थांबवण्याची. त्यानंतर माणूस जातो तो त्याच्या आजाराने जातो.

‘सगळं करा’ मधे काय काय येतं

रात्री दीड-दोनला आयसीयूचा डॉक्टर बाहेर येतो, वय त्याचं तिशीच्या आसपास, दिवसभर उभा, आणि म्हणतो ‘पेशंट सिरियस आहे, काय करायचं?’ मुलगा म्हणतो ‘सगळं करा डॉक्टर, पैशाचं बघू नका’. दुसरं काय म्हणणार बिचारा? त्याला वाटतं त्याने बाबांना वाचवा असं सांगितलं, डॉक्टरने मात्र ऐकलं की छाती दाबायची, ट्यूब टाकायची, लागलं तर डायलिसिस. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि आतल्या आजोबांना कोणीच विचारलेलं नसतं.

सीपीआर म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं. सीरियलमधे चार वेळा दाबलं की माणूस खोकतो आणि डोळे उघडतो. प्रत्यक्षात छातीचं हाड पाच-सहा सेंटिमीटर आत जाईल इतकं दाबावं लागतं, मिनिटाला शंभरच्या वर, आणि म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या त्यात मोडतात, हाताला कळतं ते. धडधाकट माणसाचं हृदय अचानक बंद पडलं तर हेच करायचं आणि लगेच करायचं, त्यात शंकाच नको. पण अमेरिकेतल्या हॉस्पिटलांच्या नोंदी बघितल्या तरी, हॉस्पिटलमधेच हृदय बंद पडलेल्या साधारण पाचातला एक जण घरी जातो, आणि त्यात सगळ्या वयाचे सगळे पेशंट आले. कॅन्सर सगळीकडे पसरलाय, किडन्या गेल्यात, माणूस महिनोन् महिने अंथरुणावर आहे, अशांची गोष्ट त्याहून कितीतरी वाईट.

व्हेंटिलेटर म्हणजे तोंडातून श्वासनळीत ट्यूब टाकून मशीनने श्वास देणं. ट्यूब असेपर्यंत बोलता येत नाही, तोंडाने खाता येत नाही, ती सहन व्हावी म्हणून झोपेची औषधं चालू ठेवतात. दहा-पंधरा दिवसांत निघाली नाही तर गळ्याला भोक पाडून ट्रॅकिओस्टॉमी करायची का हा प्रश्न येतो. राइल्स ट्यूब म्हणजे नाकातून पोटात घातलेली खाण्याची नळी, दिसायला बारीक, पण गोंधळलेल्या माणसाला ती सारखी खुपते आणि तो ओढून काढतो, मग पुन्हा घालायची, पुन्हा ओढतो, आणि शेवटी आम्ही हाताला जाड मोजे घालून हात कॉटला बांधतो. भेटायला आलेल्या सुनेने बांधलेले हात बघितले की ती आमच्यावर ओरडते. तिचं चुकत नाही. पण त्या नळीला होकार देताना हात बांधले जाऊ शकतात हे तिला कोणी सांगितलेलं नसतं.

म्हणजे व्हेंटिलेटर वाईट का?

मुळीच नाही. किती माणसं व्हेंटवरून उतरून चालत घरी गेलेली मी बघितलीयेत. फरक समजून घ्यायचा असेल तर सोसायटीची दुरुस्ती डोळ्यापुढे आणा, सध्या पुण्यात तशीही दर दुसऱ्या बिल्डिंगला चालूच आहे. बाहेरून परांची बांधतात. परांची काही भिंत दुरुस्त करत नाही, ती गवंड्याला उभं राहून काम करायला जागा देते. व्हेंटिलेटर, डायलिसिस, बीपी टिकवणारी औषधं, ही सगळी परांची. न्यूमोनिया आहे, अँटिबायोटिक लागू पडतंय, फुफ्फुस आठवड्यात सुधारेल, तर व्हेंटिलेटर पाहिजेच. पण आतली दुरुस्ती होण्यासारखी राहिलीच नसेल तर आपण नुसती परांची बांधून ठेवतो आणि तिचं भाडं भरत बसतो. भाडं पैशाचं पण आणि त्या माणसाच्या शरीराचं पण.

म्हणून डॉक्टरांना ‘वाचतील का?’ एवढंच विचारू नका, त्याला कोणीच धड उत्तर देऊ शकत नाही. असं विचारा, ‘यातून निभावले तर कुठवर येतील? स्वतः जेवतील? ओळखतील? घरी येतील की नळ्यांसकट येतील?’ आणि ठरवता येत नसेल तर मुदत घालून घ्या. म्हणजे ‘तीन-चार दिवस व्हेंटिलेटर देऊन बघूया, सुधारणा दिसली तर पुढे, नाही दिसली तर परत बसून बोलूया’. आयसीयूतले चांगले डॉक्टर हे स्वतःहून सुचवतात, नाही सुचवलं तर तुम्ही म्हणा. एकदा लावलं की कायमचं असं अजिबात नाहीये, लावल्यावर काढता येतं, पण त्याला पद्धत आहे, ती पुढे सांगते.

कधी बोलायचं हेच कळत नाही, त्याचं कारण

सगळे आजार एकसारखे उतरत नाहीत. कॅन्सरचा माणूस बरेच दिवस बऱ्यापैकी हिंडता फिरता असतो आणि मग शेवटच्या काही आठवड्यांत भराभर खाली येतो, त्यामुळे घरच्यांना निदान चाहूल तरी लागते. हृदय कमजोर झालेलं, दम्याने फुफ्फुसं गेलेली, यांचं वेगळंच. धाप लागते, अ‍ॅडमिट होतात, सुधारून घरी येतात, सगळे म्हणतात ‘आजोबा कणखर आहेत’, सहा महिन्यांनी परत तेच, आणि प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा थोडेसे खालीच थांबतात. मग एका खेपेला येत नाहीत आणि सगळे म्हणतात अचानक गेले. तिसरा प्रकार स्मृतिभ्रंश, पार्किन्सन आणि नुसतं झिजत जाणारं म्हातारपण, त्यात उतार इतका सावकाश की अमुक दिवशी बोलायला बसू असा दिवसच येत नाही, आणि बोलायला बसलो तेव्हा आजींना आपण कोण तेच आठवत नसतं.

डॉक्टर लोक स्वतःलाच एक प्रश्न विचारतात, हा पेशंट येत्या वर्षभरात गेला तर मला आश्चर्य वाटेल का? वाटणार नसेल तर बोलायची वेळ झालीये. तुम्ही पण तुमच्या फॅमिली डॉक्टरांना हाच प्रश्न विचारू शकता. आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारातलं दुखणं असेल तर हॉस्पिटलमधून सुधारून घरी आल्यावरचा पहिला महिना बोलायला सगळ्यात बरा, कारण तेव्हा आयसीयूची आठवण ताजी असते आणि माणूस शुद्धीवर असतो. आठवण ताजी असली की लोक फार स्पष्ट बोलतात.

सुरुवात कशी करायची? ‘आई, तू मेल्यावर’ असं कोणी बोलणार नाही. दुसऱ्याच्या निमित्ताने बोला. ‘शेजारच्या काकांना महिनाभर आयसीयूत ठेवलं होतं, तुला काय वाटतं, तुझ्यावर तशी वेळ आली तर आम्ही काय करावं?’ आई पहिल्यांदा म्हणेल ‘काहीतरीच बोलू नकोस दिवेलागणीला’. दुसऱ्यांदा बोलेल.

कोर्टाने काय म्हणलंय

हे थोडक्यात, पण अरुणा शानबाग यांच्याशिवाय सांगता येत नाही. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या सिस्टर. १९७३ साली हॉस्पिटलमधेच एका वॉर्डबॉयने त्यांच्यावर अत्याचार केला, गळा आवळल्याने मेंदूचा रक्तपुरवठा तुटला, आणि २०१५ मधे त्या गेल्या तोपर्यंत, म्हणजे जवळपास ४२ वर्षं, त्या त्याच हॉस्पिटलच्या बेडवर होत्या. केईएमच्या सिस्टरांनी पिढ्यान् पिढ्या त्यांना सांभाळलं, बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, होऊ दिली नाही. आमच्या कामात हे किती कठीण आहे ते ज्याने माणूस कुशीवर वळवलाय त्यालाच कळेल. त्यांचं जबरदस्तीचं खाणं-पिणं थांबवावं म्हणून पत्रकार पिंकी विराणी यांनी केलेल्या याचिकेवर २०११ मधे सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, अरुणाताईंच्या बाबतीत नाही म्हणलं, कारण सांभाळणाऱ्या सिस्टरांचीच इच्छा नव्हती, पण अशा पेशंटचे उपचार हायकोर्टाच्या परवानगीने थांबवता येतील हे तत्त्व मान्य केलं.

मग ९ मार्च २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ‘कॉमन कॉज’ संस्थेच्या याचिकेवर सांगितलं की सन्मानाने मरणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि लिव्हिंग विल करता येईल. पण पद्धत इतकी किचकट होती, मॅजिस्ट्रेटपुढे सही वगैरे, की कोणी त्या वाटेला फारसं गेलंच नाही. २४ जानेवारी २०२३ ला कोर्टाने ती सोपी केली. आत्ता चालते ती ही.

कागद कसा करायचा

तुम्ही सज्ञान आणि शुद्धीवर पाहिजे आणि कोणाच्या दबावाखाली नको. लेखी लिहायचं, दोन साक्षीदारांसमोर सही करायची, साक्षीदार शक्यतो घरातले नकोत, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकन करायचं. तुमच्या वतीने कोण बोलणार त्याचं नाव लिहायचं, एकापेक्षा जास्त नावं चालतात. एक प्रत त्या माणसाला, एक फॅमिली डॉक्टरला, आणि एक महापालिका किंवा ग्रामपंचायतीने त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. आपल्या राज्यात मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी हायकोर्टात जाऊन पाठपुरावा केला तेव्हा कुठे हे अधिकारी नेमले गेले. स्टॅम्पपेपरची अट कोर्टाने घातलेली नाही. विचार बदलला तर लेखी देऊन कधीही रद्द करता येतं.

पुढे वेळ आली की हॉस्पिटलने दोन मंडळं बसवायची. पहिल्यात तुमचे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ, दुसऱ्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला एक डॉक्टर आणि पहिल्यात नसलेले दोन तज्ज्ञ. प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं, तुम्ही नेमलेल्या माणसाची संमती घ्यायची, आणि उपचार थांबवण्याआधी हॉस्पिटलने मॅजिस्ट्रेटला कळवायचं. मंडळाने नकार दिला तर हायकोर्टात जाता येतं. कागद केलेलाच नसेल तरी साधारण हीच वाट आहे, तेव्हा जवळच्या नातेवाइकांची संमती घेतात.

याशिवाय डीएनआर हा शब्द कानावर येईल. हृदय बंद पडल्यावर छाती दाबायची नाही, एवढाच त्याचा अर्थ. आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने २०२० मधे यावर मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यात स्पष्ट आहे की तो निर्णय फक्त सीपीआरपुरता, बाकी अँटिबायोटिक, सलाईन, वेदनेची औषधं सगळं चालू. काही ठिकाणी डीएनआरवर सही झाली की त्या बेडकडे राउंड पण घाईत होतो, हे मी बघितलंय, तर तसं वाटलं की सरळ बोला.

लिहायचं काय ते जास्त महत्त्वाचं. ‘मला मशीनवर ठेवू नका’ हे वाक्य बिनकामाचं आहे, कारण दोन दिवसांच्या व्हेंटिलेटरने तुम्ही खडखडीत बरे होणार असलात तर? साधारण असं लिहा: ‘माझा आजार बरा होण्यापलीकडे गेला असेल आणि मला स्वतःला सांगता येत नसेल, तर हृदय बंद पडल्यावर छाती दाबू नये, व्हेंटिलेटर लावू नये, लावला असेल तर काढावा, डायलिसिस करू नये. वेदना, धाप, उलट्या, अस्वस्थपणा यावरची औषधं शेवटपर्यंत द्यावीत, त्याने मी झोपून राहिलो तरी चालेल. जमेल तर घरी ठेवावं. माझ्या वतीने माझी मुलगी बोलेल, ती नसेल तर पुतण्या.’

माझे एक पेशंट आजोबा होते सदाशिव पेठेतले, त्यांनी या सगळ्याच्या वर स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली होती, ‘मला पेपर वाचता आला पाहिजे आणि संडासला आपला आपण जाता आलं पाहिजे, यातलं एक जरी परत येणार असेल तर प्रयत्न करा.’ आख्ख्या कागदात डॉक्टरांना सगळ्यात जास्त उपयोग झाला तो त्या ओळीचा, कारण व्हेंटिलेटर-डायलिसिसची सगळी नावं लिहिली तरी आयत्या वेळी भलताच प्रश्न समोर येतो, आणि तेव्हा त्या माणसाला कशासाठी जगायचं होतं हे माहीत असावं लागतं.

‘मुलांनी फ्लॅटसाठी गैरवापर केला तर?’

हे पुण्यात सगळ्यात जास्त विचारतात, फ्लॅटचे भाव बघता साहजिक आहे. पण वरची पद्धत परत बघा. एकटा मुलगा काहीच करू शकत नाही, दोन मंडळांत मिळून सहा डॉक्टर, वर मॅजिस्ट्रेटला कळवायचं. उलट आज काय चालतं? पैसे संपले किंवा धीर संपला की घरचे ‘डिस्चार्ज अगेन्स्ट मेडिकल अ‍ॅडव्हाइस’वर, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला नसताना आम्ही नेतोय या कागदावर, सही करून पेशंटला उचलून नेतात. ना मंडळ, ना कोणी विचारणारं, आणि घरी वेदनेचं औषध पण नाही, नुसती नाकात नळी आणि रात्रभर विव्हळणं. गैरवापराची भीती असेल तर ती या प्रकाराची जास्त वाटली पाहिजे. आणि पैशाबद्दल बोलायची लाज धरू नका. आयसीयूचं बिल रोजचं रोज वाढतं, त्याचा विचार करणारा मुलगा राक्षस नसतो. सरळ आईबाबांनाच विचारा की घर विकण्यापर्यंत जायचं का. मी ऐकलेल्या बहुतेक आया या प्रश्नावर मुलांपेक्षा जास्त व्यवहारी निघाल्या.

अमेरिकेतला मुलगा

प्रत्येक पुणेरी आयसीयूत हा एक प्रसंग ठरलेला. इथली मुलगी तीन वर्षं करतीये, तिला माहितीये आई थकलीये, डॉक्टरांशी बोलून आता नळ्या नकोत असं ठरतं. आणि मग पहाटेच्या विमानाने दादा येतो, गेल्या वेळी बघितलेली आई डोक्यात घेऊन, आणि म्हणतो ‘तुम्ही लोकांनी गिव्ह अप केलंत, सगळं सुरू करा’. प्रेम तर असतंच, दूर राहिल्याचा अपराधीपणा पण असतो. सगळ्यांची भांडणं होतात आणि त्या भांडणात डॉक्टर सुरक्षित मार्ग घेतात, म्हणजे सगळं करतात.

याला औषध एकच, दादाला आधीपासून आत घ्या. शनिवारी रात्री व्हिडिओ कॉल लावा, आईला कॉलवर बसवा, आणि आईनेच सांगू दे की माझ्या वतीने ताई बोलेल आणि ती म्हणेल ते तू ऐकायचंस. नोटरीचा शिक्का असला तरी दादा भांडू शकतो, आईचं तोंडी ऐकलेलं असलं की भांडायचं बळ कमी होतं. माझं विचाराल तर एक वेळ कागद राहिला तरी चालेल, पण बोलणारा माणूस ठरवणं आणि ते सगळ्यांना कळवणं राहता कामा नये. रात्री कॅज्युअल्टीत, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात, कोणी मंडळं बसवत नाही आणि कागद कपाटात असतो, तिथे डॉक्टर फक्त समोर उभ्या असलेल्या माणसाकडे बघतो. तो माणूस गोंधळलेला असेल तर जे सुरू करता येईल ते सुरू होतं.

‘मग काय उपाशी मारायचं?’

हा आक्षेप सगळ्यात जिव्हारी लागणारा, कारण आपल्याकडे माया म्हणजे भरवणं. पण शेवटच्या दिवसांत शरीरच भूक बंद करतं. न जेवल्यामुळे माणूस जात नाही, जायला लागलाय म्हणून जेवण थांबतं. खूप पुढे गेलेल्या स्मृतिभ्रंशात तर नळीने भरवल्याने आयुष्य वाढत नाही आणि ठसका लागून छातीत जाणं पण थांबत नाही हे अभ्यासातून दिसलंय, त्यापेक्षा हाताने, सावकाश, जेवढं घेतील तेवढं, दोन चमचे तर दोन चमचे. गिळणं पूर्ण थांबलं की तोंडात पाणी ओतू नका. गंगाजळ-तुळशीचं सुद्धा, पेला लावू नका, ते श्वासनळीत जातं. कापसाच्या बोळ्याने ओठ आणि जीभ ओली करा, दर तासाला केलीत तरी चालेल, नातवंडांना पण हे काम देता येतं. शेवटी घशात घरघर होते, ती आपल्याला ऐकवत नाही पण त्या माणसाला बहुधा जाणवत नसते, कुशीवर वळवलं की कमी होते.

आपल्या संस्कृतीत बसत नाही म्हणणाऱ्यांना मी विनोबांची आठवण करून देते. नोव्हेंबर १९८२ मधे पवनारला आजारी असताना त्यांनी अन्न आणि औषध दोन्ही थांबवलं, इंदिरा गांधी भेटायला आल्या होत्या, तरी त्यांनी घेतलं नाही. त्यांचा निर्णय आणि लिव्हिंग विल एक नव्हे, पण आता पुरे असं म्हणणारा माणूस आपल्याकडे कधी परका नव्हता.

पॅलिएटिव्ह म्हणजे हात वर करणं का?

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजार बरा होवो न होवो, त्रास कमी करणारे उपचार. ते मूळ आजाराच्या औषधांबरोबर पहिल्या दिवसापासून चालू शकतात. २०१० मधे अमेरिकेत बोस्टनला फुफ्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या पेशंटवर एक अभ्यास झाला, ज्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर मिळाली ते सरासरी ११.६ महिने जगले, ज्यांना नाही मिळाली ते ८.९ महिने. म्हणजे त्रास कमी करायला गेले आणि आयुष्य पण थोडं वाढलं. आपल्याकडे पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह सेंटर १९९७ पासून कॅन्सरच्या पेशंटना आणि घरच्यांना मोफत सेवा देतंय, तरी लोक तिथे पोचतात ते अगदी शेवटी, कारण नाव काढलं की घरात वाटतं आता संपलं.

मॉर्फिनचं पण तेच. नाव ऐकून घाबरतात, व्यसन लागेल, श्वास बंद पडेल. डॉक्टरांनी ठरवलेला डोस थोड्यापासून चढवत नेला तर वेदनेच्या पेशंटला यातलं काही सहसा होत नाही, आणि धाप लागलेल्यालाही त्याने आराम पडतो. हमखास होतं ते बद्धकोष्ठ, म्हणून पहिल्या दिवसापासून सोबत रेचक द्यायचं, हे विसरतात आणि मग गोळी बंद करून टाकतात. २०१४ मधे कायदा बदलून मॉर्फिन मिळणं सोपं केलंय, मान्यता असलेल्या हॉस्पिटलमधून मिळतं, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधे सहसा नाही, तेव्हा संपायच्या आधी चार दिवस हालचाल करा.

घरी न्यायचं ठरलं तर

बऱ्याच जणांना घरी जायचं असतं आणि ते जमतं, पण तयारी लागते. मागच्या बाजूने वर होणारा कॉट भाड्याने, एअर बेड, डायपर, आणि कोणती लक्षणं दिसली की कोणतं औषध द्यायचं हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, तोंडी नको. औषधं आधीच आणून डब्यात ठेवा, रात्री धावपळ नको.

माणूस घरी गेला की डॉक्टरचं मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र लागतं, घरच्या मृत्यूसाठी ४ अ नमुना असतो, तो हाताशी असल्याशिवाय पुढचं काही हलत नाही. ते देणारा डॉक्टर तो, ज्याने पेशंटला अलीकडे बघितलंय. तेव्हा फॅमिली डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा की वेळ आली तर रात्री याल ना, नाहीतर कोण येईल. हे ठरलेलं नसलं की घरचे घाबरून १०८ लावतात, आणि मग एकतर नको म्हणलेलं सगळं रस्त्यातच सुरू होतं, नाहीतर कॅज्युअल्टीत ‘मृत आणलं’ अशी नोंद होऊन पोलीस चौकशी, कधी पोस्टमॉर्टेम.

फ्रिजवर मोठ्या अक्षरात दोन नंबर चिकटवा, पहिला डॉक्टरांचा किंवा होमकेअर नर्सचा, दुसरा जो बोलणार त्या माणसाचा. आणि हे पेशंट सांभाळायला ब्यूरोकडून येणाऱ्या मावशींना समोर बसवून सांगा, कारण पहाटे तीनला जागी असते ती तीच, तुम्ही नाही. त्यांना त्यांच्या मोबाईलवरून तो नंबर एकदा लावून बघायला सांगा, बॅलन्स आहे की नाही ते पण तेव्हाच कळेल.